खेळातली गोष्ट आणि गोष्टीचे नियम

मे महिन्याची सुटी, गिरगावातल्या चाळीची गॅलरी आणि मधोमध पसरलेली सापशिडी. शंभरीच्या उंबरठ्यावर पोहोचलेली सोंगटी एका फाशासरशी सापाच्या तोंडी जाते आणि थेट तळाला येते. तिचा चिमुरडा मालक मग हमखास विचारतो, ‘पण मी काय केलं?’ मोठी माणसे हसतात आणि फासा पुढच्याच्या हाती देतात. प्रश्न मात्र रास्त असतो. आजच्या छापील पटावर त्याचे उत्तर नाही. एकेकाळी ते होते.

सापशिडीचा पूर्वज म्हणजे ज्ञानचौपट किंवा मोक्षपट. महाराष्ट्रात त्याचे जनकत्व परंपरेने संत ज्ञानेश्वरांना दिले जाते. आज उपलब्ध असलेले पट मात्र बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. कुठे ७२ घरे, जैन पटांवर ८४, अशी त्यांची रचना निरनिराळी. पण प्रत्येक घराला नाव असणे हे समान सूत्र. साप गिळतो ते घर मत्सराचे किंवा द्वेषाचे. शिडी चढते ती दयेच्या, दानाच्या घरातून. ७२ घरांच्या वैष्णव पटावर ५४वे घर भक्तीचे आहे. तिथली शिडी खेळाडूला एका दमात ६८व्या घरी, म्हणजे वैकुंठात पोहोचवते. आणि लगतचे ५५वे घर? ते अहंकाराचे, तिथे साप आहे. भक्ती आणि अहंकार यांत एका दानाचेच अंतर, हे कीर्तनकाराला तासभर समजावून सांगावे लागते. पट ते शेजारच्या दोन घरांत सांगून मोकळा होतो.

या पटावर वैकुंठ हे शेवटचे घर नाही, हे त्याहून विलक्षण. दान जास्त पडले की सोंगटी ६८वे घर ओलांडून पुढे जाते. मग चालत राहायचे ते ७२व्या, तमोगुणाच्या घरापर्यंत. तिथला साप ५१व्या घरी, पृथ्वीवर आणून सोडतो आणि प्रवास पुन्हा सुरू होतो. मोक्ष हुकला, तर पुन्हा जन्म. ही गोष्ट कुठे वेगळी लिहिलेली नाही. नियम पाळला की ती आपोआप घडते.

खेळात नशिबाचाच कारभार असताना पाप-पुण्याचा हिशेब कसा लागतो, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तरही त्या गोष्टीतच आहे. दान हे खेळाडूचे प्रारब्ध. मागच्या जन्मीचे आपल्याला आठवत नाही, फळ मात्र भोगावे लागते. त्यामुळे दान हाती नसणे हा या खेळाचा दोष ठरत नाही, उलट तोच त्याचा गाभा ठरतो. इंग्लंडमध्ये १८९२ साली एफ. एच. एअर्स यांनी या खेळाची आवृत्ती काढली आणि पुढे अमेरिकेत १९४३ साली सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. गुणी मुलाला बक्षीस, खोडकराला शिक्षा अशी चित्रे त्या पटावर आली. नियम तेच राहिले, गोष्ट बदलली आणि सांधा निखळला. प्रारब्धाविना फासा म्हणजे निव्वळ अन्याय. गॅलरीतला तो मुलगा नेमके हेच बोलून दाखवत असतो.

गोष्ट आणि नियम यांचा हा सांधा ‘रोल प्लेइंग गेम’ या प्रकारात कळीचा ठरतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो, एक जण सूत्रधार. सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे आपले पात्र काय करील ते सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. पट नसला तरी चालते. या प्रकाराचा पाया घालणारा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. मुंबईतही हौशी तरुणांचे गट तो खेळतात.

गोष्ट अर्थातच शूरवीरांची होती. पण सुरुवातीच्या नियमांत पात्राची प्रगती मुख्यतः हाती लागलेल्या खजिन्यावर मोजली जाई : एका सुवर्णनाण्याला एक अनुभवगुण. राक्षस मारण्याचे गुण त्या मानाने किरकोळ. परिणाम काय व्हायचा? शूरवीर राक्षसाला वळसा घालून तिजोरी गाठू लागले. यात खेळाडूंची लबाडी नव्हती. नियमांनी ज्याचे मोल केले, तीच गोष्ट घडली.

हे ओळखून रचलेले खेळही आहेत. १९८१ सालच्या सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये भयकथा आहे. तिथे पात्राच्या मनाच्या स्थैर्याला आकडा असतो आणि भीषण रहस्य उलगडत जाते तसा तो घटतो. ज्ञान वाढवायचे तर भान गमवायचे. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’मध्ये (१९८५) गुण-अवगुणांच्या १३ जोड्या असून दयाळूपणा आणि क्रौर्य यांची बेरीज नेहमी २० असते. एक वाढला की दुसरा घटणारच. मोक्षपट रचणाऱ्याला हा हिशेब चटकन उमगला असता!

मग आपल्या गोष्टींचे काय? समजा, लालबाग-परळच्या कोणी तरुणांनी १९८२च्या गिरणी संपावर असा खेळ रचायचे ठरवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप. परदेशी खेळाचे नियम आयते उचलले, तर खेळाडूकडे तलवारीऐवजी काठी येईल, राक्षसाच्या जागी मालक आणि शेवटी मारामारी. नावे गिरणगावाची, गोष्ट भलतीच.

संप लढला गेला तो वाण्याच्या उधारीवर, गावाहून आलेल्या तांदळावर, घरातल्या बाईने धरलेल्या कामावर. म्हणजे नियम मोजणार ते दिवस, भाडे आणि शेजाऱ्याचा विश्वास. एकाने गुपचूप कामावर जायचे ठरवले, तर त्याच्या घरचे धान्य वाढावे आणि खोलीतल्या बाकीच्यांचे बळ घटावे. गावी परतणारा हरला म्हणायचे की वाचला?

इथे नियम लिहिणाऱ्याची खरी परीक्षा आहे. कामावर परतणाऱ्याला गुण दिले, तर खेळ एक बाजू घेतो. शेवटपर्यंत टिकणाऱ्याला दिले, तर दुसरी. सूत्रधार कितीही हळवे निवेदन करो, टेबलावरचे लोक आकड्यांचेच ऐकतात. ज्या घरांत त्या दिवसांतले कर्ज पुढे वर्षानुवर्षे फिटत राहिले, त्या घरांतला नातू हा खेळ खेळायला बसला, तर आजोबांच्या निर्णयाला किती गुण मिळतात, हे तो आधी पाहील.

आणि शेवटचे घर कोणते ठेवायचे, हा प्रश्न उरतोच. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.