व्हॅम्पायर: कबरीतून पडद्यावर

मंडळी, व्हॅम्पायर म्हटलं की काळा झगा, फिकट चेहरा, लांब सुळे आणि उमरावी थाट डोळ्यांपुढे येतो. पण मूळचा व्हॅम्पायर असा नव्हता. तो होता गावातलाच मेलेला शेजारी.

१७३२ साली सर्बियातल्या मेद्वेजा गावी फ्ल्यूकिंगर हा ऑस्ट्रियन लष्करी शल्यवैद्य चौकशीला गेला. गावात एकामागून एक माणसं दगावत होती आणि संशय होता पुरलेल्यांवर. कबरी उकरल्या, तर काही प्रेतं फुगलेली, रक्त पातळ, नखं नवी दिसणारी. आज आपल्याला माहीत आहे, की कुजताना वायूमुळे शरीर फुगतं, रक्त पातळ राहू शकतं, वरची कातडी सुटून खालची ताजी दिसते. तेव्हा मात्र हाच पुरावा ठरला. प्रेतांची मुंडकी तोडून ती जाळण्यात आली.

आता बघा, साथीचं कारण कळत नव्हतं. व्हॅम्पायरने त्या न कळणाऱ्या भीतीला एक चेहरा दिला. चेहरा मिळाला की माणसाला काहीतरी करता येतं, मग ते चुकीचं का असेना!

पुढे १७५५ साली मारिया थेरेसा राणीने अशा उकराउकरीवर बंदी घातली. गोष्ट मात्र जिवंत राहिली. १८१९ मध्ये पॉलिडोरीने व्हॅम्पायरला लंडनच्या उच्चभ्रू बैठकीत आणून बसवलं. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त तो परदेशातून येणारा धोका झाला. १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटात तो उंदीर आणि प्लेग घेऊन आला, आणि सूर्यप्रकाशाने मेला. ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला तर दिवसाही फिरतो! ‘ट्वायलाइट’मध्ये तोच शाळेत जाणारा प्रियकर झाला.

म्हणजे लोकप्रियतेचं कारण सुळ्यांत नाही. ज्या काळाला ज्याची धास्ती किंवा ओढ, ते रूप हा घेतो. शिवाय दोन तासांनी दिवे लागतात, आपण सुखरूप घरी जातो.

अडचण होते ती दिवे न लागल्यावर. आपल्याकडे आजारपणाचा दोष ‘करणी’ करणाऱ्या शेजारणीवर ढकलला जातो, तेव्हा तिथे पडदा नसतो, जिवंत बाई असते. त्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. तेव्हा भुताच्या गोष्टी जरूर बघा, मजेत घाबरा. फक्त त्या भुताला शेजाऱ्याचं नाव देऊ नका.