एल्कचा बंदोबस्त

काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा नातलग असा जो एल्क नावाचा महाकाय हरिण उत्तर अमेरिकेत नांदतो, त्याच्या संरक्षणाचा इतिहास प्राणिप्रेमी माणसाला पेचात टाकणारा आहे. कारण तेथे रक्षकांनाच अखेर बंदूक उचलावी लागली. १८७२ साली स्थापन झालेल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पुढे शिकारीस मज्जाव झाला, १९२६ च्या सुमारास लांडग्यांचा निःपात पुरा झाला, आणि निर्भय झालेले कळप उत्तरेकडील खोऱ्यांत इतके फोफावले की हिवाळ्यात वाळुंज नि ॲस्पेन यांच्या कोवळ्या फुटव्यांना वाढायची उसंतच मिळेना.

पहिली तजवीज स्थलांतराची होती. जनावरे कोंडवाड्यांत धरावीत (पुढेपुढे तर ती हेलिकॉप्टरने हाकली जात) आणि जेथील एल्क पूर्वीच नामशेष झाले होते अशा मुलखांकडे रवाना करावीत. १९१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाने असेच कळप नेले. रक्त सांडत नसल्याने हा उपाय सर्वांस रुचला. परंतु कळपाची वाढ दरसालची, आणि त्यांना सामावून घेणारे मुलूख मोजकेच. १९६१-६२ च्या हिवाळ्यात उद्यानाच्या पगारी रक्षकांनी चार हजारांहून अधिक एल्क गोळ्या घालून मारले, आणि देशभर गहजब उडाला.

मौज अशी, की तक्रार केवळ हत्येबद्दल नव्हती. सरकारी नोकराऐवजी परवानाधारक शिकाऱ्यास ही मुभा का नाही, हाही पुष्कळांचा सवाल होता. ए. स्टार्कर लिओपोल्ड यांच्या समितीने १९६३ मध्ये संख्या आवरणे आवश्यक ठरवले, मात्र उद्यानात हौशी शिकारीला थारा दिला नाही. लोकक्षोभापुढे काही वर्षांतच रक्षकांच्या बंदुकाही थंडावल्या.

मग सारा भार हद्दीबाहेर पडला. मॉन्टानातील गार्डिनर गावाजवळ, जेथे बर्फ वाढताच कळप खाली उतरतात, तेथे एके काळी सीमेलगत बंदूकवाल्यांची रांगच लागे. १९७६ पासून तेथील हिवाळी शिकार परवान्यांच्या शिस्तीत आली. शिकाऱ्याचा जीव शिंगांच्या डौलदार पसाऱ्यावर जडलेला. परंतु एक नर अनेक माद्यांना पुरत असल्याने नर मारून कळप आटत नाही, संख्या उतरवायची तर माद्याच टिपाव्या लागतात. म्हणून हे परवाने मुख्यतः बिनशिंगी जनावरांचे असत. भिंतीवर मिरवता येणार नाही अशी ही शिकार पत्करणारा माणूस, निदान माझ्या मते, नुसत्या हौसेखातर नेम धरणाऱ्याहून व्यवस्थेच्या अधिक उपयोगी पडतो.

१९९५-९६ मध्ये कॅनडाहून ३१ लांडगे आणून सोडण्यात आले. १९९४ मध्ये सुमारे १९,००० असलेला उत्तरेकडील कळप २०१३ पर्यंत चार हजारांच्या खाली आला, ज्यात लांडग्यांबरोबर अस्वले, अवर्षण आणि शिकाऱ्यांची बंदूक यांचाही वाटा होता. परवाने घटवत घटवत ती हिवाळी शिकार शेवटी बंद करण्यात आली. शरदातील हंगाम मात्र उद्यानाबाहेर आजही चालतो, आणि विमानातून केलेल्या हिवाळी शिरगणतीचा आकडा त्याच्या परवान्यांचा हिशेब करताना विचारात घेतला जातो.