कंदमुळांच्या देशात चौविहार

हिऱ्यांच्या व्यापारामुळे गिरगावातील पंचरत्न आणि ऑपेरा हाऊसच्या पेढ्यांना अँटवर्प हे नाव घरच्यासारखे झाले. तेथून रेल्वेने दोन तासांच्या आत ॲमस्टरडॅम. १९०८ साली सुप्रसिद्ध कलिनन हिरा याच शहरात, ॲशर यांच्या कारखान्यात फोडला गेला. आज बाजार वांद्र्याला गेला आणि आपली मुले-मुली शिक्षणासाठीही नेदरलँड्सला जाऊ लागली. तरी बॅग भरताना आईचा प्रश्न जुनाच आहे, तिथे खाणार काय?

प्रश्न रास्त आहे, कारण परंपरागत डच स्वयंपाक जवळजवळ जमिनीखालीच पिकतो. लायडन शहराचा वेढा ३ ऑक्टोबर १५७४ रोजी उठला, तेव्हा स्पॅनिश सैन्याने मागे टाकलेल्या पातेल्यातील शिजवलेल्या अन्नावर उपाशी नागरिकांनी भूक भागवली, अशी आख्यायिका आहे. त्याच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी ‘हुत्सपॉट’ खातात. त्यात गाजर, कांदा आणि (मागाहून आलेला) बटाटा एकत्र कुस्करलेला असतो, म्हणजे आपल्या त्यागाची यादीच पानात वाढलेली! भाषाही साक्ष देते. बटाट्याला ते ‘आर्डअप्पल’, म्हणजे भूमीचे सफरचंद म्हणतात, आणि ‘वॉर्टल’ या एकाच शब्दाचे गाजर व मूळ असे दोन्ही अर्थ होतात. वाटाण्याचे दाट सूप नावाने आशा दाखवते. परंतु त्यात डुकराचे मांस असते.

चौविहार पाळणाऱ्यास ऋतूचा विचार आधी करावा लागतो. जूनमध्ये सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो आणि डच कुटुंबे सहाच्या आसपास जेवतात, त्यामुळे अडचण येत नाही. डिसेंबरात मात्र सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवून साडेचारलाच मावळतो. नवकारशीचे पच्चक्खाण असेल तर आहारासाठी जेमतेम सात तास उरतात. अशा वेळी व्यवहाराची बोलणी दुपारच्या जेवणावर ठरवावीत, हे उत्तम.

त्या दुपारच्या जेवणात बहुधा पाव आणि चीजच असते. पारंपरिक पद्धतीच्या शेतघरच्या चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण वापरतात. सूक्ष्मजीवजन्य विरजणाचे चीजही मिळते. वेष्टनावर तसे लिहिलेले पाहूनच घ्यावे. लोण्यावर चॉकलेटचे दाणे पसरलेला पाव लहान-थोर सारेच आवडीने खातात, तो पुष्कळदा आपल्याला चालतो. पॅनकेक आणि पोफर्च्यस यांत अंडे असते, आणि स्ट्रोपवाफलमध्येही ते बहुधा असतेच. युरोपीय कायद्याने २०१४ च्या डिसेंबरपासून अंड्यासह चौदा पदार्थांची माहिती उपाहारगृहांनीही देणे बंधनकारक आहे. कांदा व लसूण त्या चौदांत नाहीत, म्हणून ते विचारावेच लागते.

‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढे सांगून तेथे भागत नाही, कारण त्यांच्या शाकाहारात अंडे सहज बसते. डच माणूस स्पष्टवक्ता असतो आणि समोरच्याच्या स्पष्टपणाचाही राग मानत नाही. निमंत्रण स्वीकारतानाच वर्ज्य पदार्थांची यादी लेखी पाठवावी. पानावर बसून ताट मागे सारण्यात यजमानाचा अधिक अवमान होतो, असे माझे मत आहे.

हेग शहरात एक अनपेक्षित आधार सापडतो. १८७३ साली ‘लल्ला रूख’ जहाजातून भारतीय मजूर सुरिनामला नेले गेले; १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांचे बरेच वंशज नेदरलँड्समध्ये आले. त्यांच्या उपाहारगृहांत डाळ भरलेली रोटी मिळते. भाजीत बटाटा आणि लसूण असतो. मात्र रोटी म्हणजे काय, हे तेथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

घरून नेण्याच्या शिदोरीविषयी एक सूचना. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दूध व दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. तेव्हा पेढे, बर्फी आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी. खाकरे खुशाल न्यावेत.