न्यूमार्केटमधली बडोद्याची पागा

इंग्लंडच्या सेंट लेजर शर्यतीच्या विजेत्यांची यादी १७७६पासूनची आहे. लॉर्ड, ड्यूक आणि राजे यांच्या घोड्यांची नावे वाचत खाली यावे, तर १९४७च्या ओळीत एक नाव दिसते : सयाजीराव. देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झाला होता. डॉनकास्टरच्या मैदानावर, पावणेदोन मैलांहून थोड्या अधिक अंतराच्या त्या शर्यतीत, या घोड्याने आर्बार नावाच्या फ्रेंच घोड्याला निव्वळ डोक्याच्या फरकाने मागे टाकले.

घोड्याचे मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. आजोबा तिसरे सयाजीराव १९३९मध्ये गेले आणि नातू गादीवर आला. त्याला घोड्यांचे वेड होते. १९४३मध्ये महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली, ती महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. तिच्यावर स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. महायुद्ध संपताच महाराजांचे लक्ष इंग्लंडकडे वळले.

१९४५च्या न्यूमार्केटच्या लिलावात एक वर्षाचे शिंगरू आले, तोच पुढचा सयाजीराव. त्याचा बाप निअर्को, इटलीत फेदेरिको तेसिओ यांनी वाढवलेला, चौदा शर्यती धावून एकही न हरलेला. आई रोझी लेजंड. याच जोडीचा मोठा मुलगा दान्ते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता, त्यामुळे बोली चढत गेली आणि २८,००० गिनींवर थांबली. एका वर्षाच्या शिंगराला ब्रिटनमध्ये तोवर एवढी किंमत कोणी दिली नव्हती. तेव्हाच्या दराने हे सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये होतात.

शिंगराबरोबर पागाही उभी राहिली. न्यूमार्केटजवळचे वॉरन प्लेस महाराजांनी विकत घेतले आणि मिडलहॅमचे प्रशिक्षक सॅम आर्मस्ट्राँग यांना तिथे आणले. पुढे याच आवारात नोएल मर्लेस आणि हेन्री सेसिल यांनी घोडे तयार केले, अपराजित फ्रँकेलसुद्धा याच तबेल्यातला. वॉरन प्लेसचा इतिहास सांगताना या दोघांची नावे आधी येतात. त्यांच्या आधीची बडोद्याची वर्षे मात्र एखाद्या वाक्यात उरकली जातात, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

सयाजीराव हा पहिल्या झपाट्यात जिंकणारा घोडा नव्हता. १९४७च्या मे महिन्यात टू थाउजंड गिनीज या मैलाच्या शर्यतीत तो तिसरा आला. ट्यूडर मिन्स्ट्रेल तेव्हा इतका पुढे निघून गेला की मागच्यांची नावे कोणाच्या ध्यानात राहणार! डर्बीतही सयाजीराव तिसराच. पण अंतर वाढले की याचा दम दिसू लागे. आयर्लंडच्या करा मैदानावर त्याने आयरिश डर्बी घेतली आणि सप्टेंबरमध्ये सेंट लेजर. स्वार ब्रिटच होता, महालक्ष्मीचा.

पागेतला दुसरा घोडा मात्र वेगाचा होता, आणि माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने तोच मोठा. फ्रान्समध्ये जन्मलेल्या या घोड्याचे मूळ नाव लेरिन्स. बडोद्याच्या पागेत तो ‘माय बाबू’ झाला. १९४८च्या टू थाउजंड गिनीजमध्ये त्याने ‘द कॉबलर’ला डोक्याच्या फरकाने हरवले. स्वार होता चार्ली स्मर्क. १९३४मध्ये शेजारच्या राजपीपळ्याच्या महाराजांचा ‘विंडसर लॅड’ एप्समची डर्बी जिंकला, तेव्हाही लगाम याच स्मर्कच्या हातात होता.

गंमत अशी की इंग्लंडची ही क्लासिक शर्यत जिंकणारा माय बाबू इंग्लंडच्या नोंदवहीत थरोब्रेड नव्हता. त्याला कारण १९१३चा ‘जर्सी ॲक्ट’. तो संसदेचा कायदा नव्हता, घोड्यांची वंशावळ ठेवणाऱ्या जनरल स्टड बुकचा नियम होता. न्यूयॉर्क राज्यात सट्टेबाजीवर कडक बंदी आल्यावर तिथले रेसकोर्स बंद पडले आणि अमेरिकी घोडे मोठ्या संख्येने इंग्लंडच्या बाजारात येऊ लागले. त्यांतल्या कित्येकांच्या अंगात लेक्सिंग्टन या थोर अमेरिकी घोड्याचे रक्त होते, पण त्याच्या आईकडच्या काही पिढ्या कागदावर सिद्ध होत नव्हत्या. लॉर्ड जर्सी यांच्या पुढाकाराने ठरले, की ज्याचा प्रत्येक पूर्वज आधीच वहीत असेल त्यालाच यापुढे वहीत जागा. बाकीचे सारे ‘हाफ-ब्रेड’.

अशा घोड्याला पळायला मनाई नव्हती, पण इंग्लंडमध्ये पैदाशीसाठी त्याची किंमत पडे. नियम झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९१४मध्ये, दरबार नावाच्या घोड्याने एप्समची डर्बी जिंकली. तो हाफ-ब्रेड होता. दरबारची मुलगी दुर्बान, तिचा मुलगा तूर्बियाँ, त्याचा जेबेल आणि जेबेलचा मुलगा माय बाबू. फ्रान्सने हे रक्त जपले. इंग्लंड छत्तीस वर्षे ते नाकारत राहिले आणि त्याच रक्ताचे घोडे येऊन इंग्लंडच्या मोठ्या शर्यती नेत राहिले.

१९४८मध्ये हे टोकाला गेले. वसंतात माय बाबूने गिनीज नेली. शरदात सेंट लेजर जिंकली अमेरिकन विल्यम वुडवर्ड यांच्या ब्लॅक टार्क्विनने, तोही हाफ-ब्रेड, आणि त्याच्यावर स्वार होता आपला एडगर ब्रिट. पुढच्याच वर्षी जर्सी ॲक्ट गेला. किमान शंभर वर्षांची वंशावळ आणि जवळच्या नातलगांची मैदानावरची कामगिरी एवढे दाखवले की वहीत प्रवेश मिळू लागला. नियम पाडण्याचे श्रेय एकट्या माय बाबूचे नाही, पण अखेरचा धक्का देणाऱ्या दोन घोड्यांत तो एक होता, हे महाराष्ट्रात आणि बडोद्यात किती जणांना ठाऊक आहे?

ठाऊक नसण्याचे कारण समजते. १९४९मध्ये बडोदे संस्थान विलीन झाले. महाराजांनी उधळलेल्या पैशाची चर्चा देशभर होत होती, आणि १९५१मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली. गादीवर आले फत्तेसिंहराव, ज्यांना पुढे लोकांनी क्रिकेट समालोचक म्हणून ओळखले. ज्या तिसऱ्या सयाजीरावांनी सक्तीच्या मोफत शिक्षणावर खर्च केला, त्यांच्याच गादीवरून एका शिंगरावर चार लाखांच्या घरात रक्कम गेली. ही टीका रास्त आहे आणि ती मी पुसू इच्छित नाही. पण मालकाचा हिशेब मालकाकडे मागावा, घोड्याचे पळणे त्यात बुडवू नये.

त्यांचे पळणे पुढच्या पिढ्यांत चालूच राहिले. सयाजीराव आयर्लंडमध्ये पैदाशीला उभा राहिला. किल्डेअर परगण्यात ‘बरोडा स्टड’ हे नाव आजही आहे. त्याची मुलगी ग्लॅडनेस हिने १९५८मध्ये अ‍ॅस्कट गोल्ड कप जिंकला, मुलगा इंडियाना याने १९६४मध्ये बापाचीच सेंट लेजर. माय बाबू अमेरिकेला गेला. तिथे त्याच्या मुलीचे नाव ठेवले गेले केरळ. या केरळचा मुलगा दमास्कस १९६७मध्ये प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकला आणि त्या वर्षीचा अमेरिकेचा सर्वोत्तम घोडा ठरला. त्याची मालकीण एडिथ बँक्रॉफ्ट ही ब्लॅक टार्क्विनच्या मालकाची, विल्यम वुडवर्ड यांची मुलगी.