आई पॉझिटिव्ह, बाळ मात्र बहुधा सुखरूप

२०२० च्या सुरुवातीला चीनमध्ये कोरोनाबाधित आईचं बाळ जन्मताच चौदा दिवस वेगळं ठेवत. भीती समजण्यासारखी होती, पण पुढे पुरावा वेगळाच निघाला. अनेक देशांतल्या नोंदी एकत्र केल्यावर दिसलं, की अशा शंभर बाळांत पॉझिटिव्ह निघणारी दोनसुद्धा नसतात. त्यांतल्याही बहुतेकांना फारसा त्रास होत नाही.

विषाणू गर्भातच पोचतो का? क्वचित पोचतो. पुण्याच्या ससून रुग्णालयात २०२० मध्ये जन्मलेल्या एका मुलीच्या नाकातल्या नमुन्यात, नाळेत आणि वारेतही तो सापडला. तिला ताप आला, प्रकृती गंभीर झाली, पण उपचारांनी ती बरी होऊन घरी गेली.

खरी काळजी संसर्गापेक्षा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची. आईला धाप लागली, ऑक्सिजन उतरला, तर वेळेआधी बाळंतपण करावं लागू शकतं, आणि कमी वजनाचं बाळ मग नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) जातं. म्हणून बाळाला जपायचं तर आधी आईला जपायला हवं. गरोदरपणात कोरोनाची लस घेतली, तर आईची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात. भारतात गरोदर स्त्रियांना ही लस जुलै २०२१ पासून खुली झाली.

आणि अंगावरचं दूध? ते तोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: आईने मास्क लावावा, हात साबणाने धुवावेत आणि बाळाला छातीशी घ्यावं. आईला उठवतच नसेल, तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजावं. बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, श्वास जोरात चालू लागला किंवा ताप आला, तर मात्र घरी वाट पाहू नये.