काचेतल्या बागेमागे काय लावावे?

डहाणू तालुक्यातील गंजाड हे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे गाव. २०११ मध्ये पद्मश्रीने गौरविलेल्या या कलावंताचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यांनी जगापुढे नेलेल्या चित्रांची रीत साधी आहे. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, तिला गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी चित्र काढायचे. चित्राची जमीन एकरंगी असते, म्हणूनच बारीक रेषेतील माणसे आणि झाडे दुरूनही उठून दिसतात.

घरातील टेरॅरियमला पार्श्वभूमी निवडताना हेच सूत्र उपयोगी पडते. काचपेटीत नेचे व शेवाळ रुजून दाट झाले की मागची वायर किंवा खिडकीचे गज डोळ्यांना खुपू लागतात. मग धबधब्याचे किंवा जंगलाचे छापील चित्र लावण्याचा मोह होतो. मात्र छापील झाडे खऱ्या झाडांशी स्पर्धा करतात. त्यांची पाने मोठी असल्यास खरी बाग खुजी दिसते. वारली चित्राचा कागदही याच कारणाने टाळावा. शिवाय वारली समाजात लग्नाचा चौक हा विधीचा भाग असतो. नेच्यांआड अर्धा झाकला जाण्यासाठी तो नाही. गंजाडहून चित्र घेऊ नये, चित्राची जमीन घ्यावी.

गेरूच्या तांबूस रंगावर हिरवी पाने उठून दिसतात. पाने लालसर असतील, तर काळा किंवा राखाडी रंग बरा. काळ्या रंगाने पेटीला खोलीचा आभास येतो.

रुजलेल्या टेरॅरियमला पार्श्वभूमी नेहमी काचेच्या बाहेरूनच लावावी. आत झाडाची साल किंवा काथ्याचा थर चिकटवायचा, तर मुळे दुखावतात. काच चिकटवण्याचे अनेक सिलिकॉन सुकताना आम्लाची वाफ सोडतात, तीही बंद पेटीतील झाडांना घातक. गेरू-शेणाचा थर आतल्या दमटपणात बुरशी धरतो. त्यामुळे जाड पुठ्ठा रंगवून तो बाहेरून चिकटपट्टीने लावणे उत्तम. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो. त्याऐवजी रंगवलेले प्लायवूड किंवा प्लास्टिकचा पत्रा टिकतो.

उजेडाचा विचार सर्वांत महत्त्वाचा. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या काचपेट्यांतून १८३३ मध्ये नेचे सिडनीला पाठविण्यात आले. त्या पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवल्या होत्या, कारण काचेतून मिळणारा उजेड हाच झाडांचा आधार होता. पार्श्वभूमी लावल्याने एक बाजू बंद होते. ती बाजू खिडकीकडची असेल, तर झाडे निस्तेज होतील. म्हणून पेटीची पाठ भिंतीकडे असू द्यावी आणि उजेड समोरून वा वरून मिळावा. थेट ऊन मात्र टाळावे. गडद रंग उष्णता शोषतो आणि बंद पेटी लवकर तापते.

निवडलेला रंग आधी आठवडाभर नुसता टेकवून पाहावा. सकाळी व दिव्याच्या उजेडात नजर प्रथम पानांवर जात असेल, तर निवड योग्य ठरली.