दोनच्या आकड्यापासून सुरू होणारा ग्रंथ

ज्यूंच्या ताल्मूद या धर्मग्रंथाचा जवळजवळ कुठलाही खंड उघडून पाहा. जेरुसलेममध्ये छापलेला असो की न्यूयॉर्कमध्ये, मजकूर सुरू होतो तो पान 2 पासून. पान 1 कुठे गेलं? सुमारे 500 वर्षांपूर्वी व्हेनिसच्या एका छापखान्यात ग्रंथाच्या नावाचं पानच पहिलं म्हणून मोजलं गेलं, आणि ती मोजणी आजतागायत कुणी मोडलेली नाही. आता खरं नवल ऐका. त्या छापखान्याचा मालक ज्यू नव्हता. तो होता डॅनिएल बॉम्बर्ग, अँटवर्पहून व्हेनिसला आलेला ख्रिस्ती व्यापारी!

काळ कोणता, तेही बघा. 1242 मध्ये पॅरिसमध्ये ताल्मूदच्या हस्तलिखितांनी भरलेल्या गाड्याच्या गाड्या जाळल्या गेल्या होत्या. 1516 मध्ये व्हेनिसने आपल्या ज्यूंना एका बेटावर कोंडलं. ‘घेटो’ म्हणतात ती वस्ती हीच. ज्यूंना तिथे स्वतःचा छापखाना काढायची मुभा नव्हती. म्हणजे बॉम्बर्गकडे भांडवल आणि परवाना, तर ज्यू पंडितांकडे विद्या. एकाचं दुसऱ्यावाचून अडत होतं. व्हेनिसच्या ज्यूंना ओळखीसाठी पिवळी टोपी घालावी लागे. आपल्याकडच्या ज्यू कामगारांना काळी टोपी घालू द्या, अशी परवानगी बॉम्बर्गने सरकारकडे मागितली. धंद्याची गरज म्हणा हवं तर. पण रस्त्यावरून अपमान न होता चालत जाणं ही त्या माणसांसाठी केवढी मोठी गोष्ट असेल!

पहिल्याच मोठ्या कामात मात्र त्याचा अंदाज चुकला. 1517 च्या हिब्रू बायबलचा संपादक फेलिक्स प्रातेन्सिस हा ज्यू घरात जन्मून ख्रिस्ती साधू झालेला, आणि ग्रंथ अर्पण केलेला थेट पोपना. ज्यू वाचक तो हौसेने कसा घेणार? बॉम्बर्गने नवी आवृत्ती काढली, आणि या वेळी संपादनासाठी याकोब बेन हय्यीम या ज्यू पंडिताला बसवलं. ती 1524-25 ची आवृत्ती इतकी नावाजली, की पुढे जवळपास 400 वर्षं हिब्रू बायबलचा प्रमाण पाठ तोच मानला गेला. इंग्लंडमध्ये 1611 साली राजा जेम्सच्या काळात झालेलं प्रसिद्ध भाषांतर घ्या. त्यातल्या जुन्या करारामागेही हाच हिब्रू पाठ आहे. ख्रिस्ती माणसाच्या पैशाने ज्यू पंडिताने सिद्ध केलेला पाठ चर्चमध्ये वाचला जाऊ लागला!

आणि ताल्मूद? 1520 ते 1523 या काळात बॉम्बर्गने बॅबिलोनी ताल्मूद पहिल्यांदाच संपूर्ण छापला. त्याचं पान म्हणजे जुन्या वाड्याचा नकाशाच. मधल्या चौकात मूळ मजकूर: इसवी सन 200 च्या सुमाराची मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांची संहिता, आणि नंतरच्या काही शतकांतली तिच्यावरची चर्चा. बांधणीच्या बाजूच्या सोप्यात 11 व्या शतकातल्या फ्रान्समधले राशी नावाचे भाष्यकार बसलेले, शब्दाशब्दाचा अर्थ उलगडत. बाहेरच्या सोप्यात त्यांचे नातू आणि पुढचे पंडित, आजोबांशीच वाद घालत! हजार वर्षांतली माणसं एका पानावर बोलताहेत. ही मांडणी आधी सोन्चिनो या ज्यू मुद्रकांच्या घराण्याने वापरली होती. बॉम्बर्गने ती सगळ्या ग्रंथाला लावली आणि पानांना आकडे देऊन टाकले. पुढच्या मुद्रकांनी तेच आकडे उचलले. म्हणूनच 1923 मध्ये रब्बी मेइर शापिरो यांनी सुरू केलेल्या ‘रोज एक पान’ या उपक्रमात जगभरचे वाचक एकाच दिवशी एकच पान वाचू शकतात. एकूण पानं 2711, एक फेरी साधारण साडेसात वर्षांची.

मला सर्वांत थक्क करते ती अध्यायांची गोष्ट. हिब्रू बायबलमध्ये आज दिसणारे अध्यायांचे आकडे मुळात ज्यूंचे नाहीत. ते 13 व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या ख्रिस्ती धर्मपंडिताने लॅटिन बायबलमध्ये पाडले. मग ज्यूंनी ते का घेतले? वादविवादासाठी! ख्रिस्ती पंडित वचनं फेकत अध्यायाच्या आकड्यानिशी, आणि उत्तर द्यायचं तर ते वचन चटकन सापडायला हवं. 15 व्या शतकात प्रोव्हान्सच्या इसाक नाथान यांनी हेच अध्याय धरून हिब्रू बायबलची शब्दसूची रचली. तीही पुढे बॉम्बर्गनेच छापली. भांडणासाठी उचललेले आकडे असे दोघांच्या सामाईक मालकीचे झाले. आज वसईच्या ख्रिस्ती वाचकाला आणि अलिबागच्या बेने इस्रायली ज्यू वाचकाला जुन्या करारातला एखादा अध्याय आकड्याने सांगा, दोघं बहुधा एकाच अध्यायावर बोट ठेवतील.

हे सख्य निर्वेध मात्र राहिलं नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बॉम्बर्गला ताल्मूद छापायला पोप दहावे लिओ यांची मान्यता होती. पण 1553 मध्ये, ज्यूंच्या नववर्षाच्या दिवशी, रोममध्ये चर्चच्याच आज्ञेने ताल्मूदची होळी झाली. पाठोपाठ व्हेनिसमध्येही झाली. बॉम्बर्गच्या किती प्रती त्यात राख झाल्या असतील, या विचाराने आजही जीव हळहळतो.

तरीही मोजके संपूर्ण संच टिकून राहिले, आणि त्यांतला एक कुठे, तर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत, म्हणजे ज्या चर्चमध्ये इंग्लंडच्या राजांचा राज्याभिषेक होतो तिथे! शतकानुशतकं जवळजवळ कुणी न हाताळल्यामुळे त्याचा कागद नव्यासारखा राहिला होता. 1956 च्या एका प्रदर्शनात जॅक लुन्झर या ज्यू संग्राहकाच्या नजरेला तो पडला आणि त्यांचा जीव त्यात अडकला. त्यांनी जवळपास 25 वर्षं पिच्छा पुरवला. अखेर ॲबेच्याच मूळ सनदेची सुमारे 900 वर्षं जुनी एक प्रत विकत घेऊन त्यांनी ॲबेला दिली आणि बदल्यात हा ताल्मूद मिळवला. डिसेंबर 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 93 लाख डॉलर किंमत आली.